पान बंद केलंत, निदान माणूस तरी ठेवा

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक आणि मराठवाडा आवृत्त्यांचे निवासी संपादक यांस,

सा. न. वि. वि.

मी मूळची अंबाजोगाईची. बावीस वर्षं वृत्तपत्रात काढली, त्यातली सोळा पुस्तकं आणि तंत्रज्ञान या दोन विषयांवर. माझ्या शेवटच्या नोकरीत मी या दोन विषयांचं मिळून एक साप्ताहिक पान लावत होते. गेल्या दिवाळीनंतर ते बंद झालं. त्या दैनिकाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका घरची नाही. लातूर, नांदेड, परभणीकडचे सहकारी भेटले की आपापल्या पानाची थोड्याफार फरकाने हीच हकिगत सांगतात.

कारण एका ओळीत सांगितलं गेलं: जाहिरात येत नाही. ते खरंच आहे. मराठीत साहित्याच्या पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, अलीकडे पाचशेचीही निघते. असा प्रकाशक पाव पानाची जाहिरात कुठून देणार? आणि मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती मुंबई-पुण्याहून थेट पहिल्या पानावर येतात, त्यांना आतल्या पानाशी देणंघेणं नसतं. हिशेब मला मान्य आहे. पण पान गेलं तसं ते बीटही, म्हणजे त्या विषयाची नेमून दिलेली बातमीदारीही, गेलं, आणि त्याबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. २००३ साली मी अंबाजोगाईची वार्ताहर झाले. बातमी हाताने लिहायची, लिफाफा औरंगाबादच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, आणि तिकडे स्टँडवर कार्यालयाचा पोऱ्या तो घ्यायला उभा. पुढे गावात सायबर कॅफे आला आणि मी बातमी टाइप करून मेलने पाठवायला लागले. पहिल्याच आठवड्यात डेस्कवरून फोन: "हे काय पाठवलंय? नुसता इंग्रजी अक्षरांचा भरडा दिसतोय." माझ्या पडद्यावर स्वच्छ मराठी होतं, त्यांच्या पडद्यावर भरडा. मी एसटीने औरंगाबादला गेले आणि पान लावणाऱ्या ऑपरेटरच्या शेजारी दुपारभर बसले. त्याने समजावलं, की तुम्ही वापरता तो फॉन्ट मराठी साठवतच नाही. आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला. दुसऱ्या फॉन्टचा चेहरा वेगळा, म्हणून तुमचा 'क' आमच्याकडे भलतंच काही होतो.

त्या दुपारी मला माझं बीट सापडलं. बातमी खरी होती, लिहिलेलीही नीट होती, तरी वाचणाऱ्यापर्यंत पोचली नाही. वाटेत काय झालं, याचा शोध घेणारं कुणी तरी हवं होतं.

पुस्तकं आणि तंत्रज्ञान या दोन गोष्टी एकत्र कशाला, असं मला अनेक संपादकांनी विचारलं. आमच्या गावात हा प्रश्न पडत नाही. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीसेक फूट लांब, चारेक फूट रुंद कापड, आणि त्यावर 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय पदांनी आणि आकृत्यांनी उतरवलेला. सोळाव्या-सतराव्या शतकातला माणूस पोथीचं पान सोडून कापडावर का लिहितो, याचा विचार मी लहानपणापासून करत आले. आणि त्याच काळात पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या हाती लागतील त्या प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलून नकलून ग्रंथ बिघडतो, हे त्यांना दिसलं होतं. अंबाजोगाई आणि पैठण दोन्ही आपलीच. ग्रंथ आणि त्याचं साधन यांना वेगळं काढायची रीत आपल्याकडे नव्हती, ती आपण पानांच्या वाटण्या करताना पाडली.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण पान बंद करताना नेमकं काय बंद झालं ते त्यात आहे.

लातूरला एक अंध शिक्षिका आहेत. इतिहास शिकवतात. त्यांना शिकवायला लागणारं एक मराठी पुस्तक ऐकून वाचायचं होतं. त्यांच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर होतं, मराठी बोलणारं. त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. माणूस भला होता, त्याने छपाईची फाइलच पाठवून दिली. बाईंनी ती उघडली आणि संगणक बोलू लागला: एस, सेमीकोलन, के, डबल्यू, कॉमा. सुट्ट्या इंग्रजी अक्षरांची रांग, पानामागून पान. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला ते ऐकवलं. डावा हात कीबोर्डवर, मान थोडी कललेली, चेहऱ्यावर काहीही नाही. मिनिटभराने त्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "असं तीनशे वीस पानं आहे, ताई."

ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलायला मी आणि कॉम्प्युटर शिकणारा त्यांचा भाचा, आम्ही तीन रविवार बसलो. बदलून देणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत अडखळतात. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र हरवायचा. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा, 'वर्ष'चं भलतंच व्हायचं. सनावळ्यांतले आकडे मधूनच उलटेपालटे व्हायचे, आणि इतिहासाच्या पुस्तकात आकडा चुकला तर काय राहतं? आम्ही छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. नाथांची आठवण मला तेव्हा खूप आली.

त्यावर मी अर्धं पान लिहिलं. कायदा काय म्हणतो तेही लिहिलं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अंध वाचकाला वापरता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करायला मुभा मिळाली. २०१३ चा मराकेश करार याच कामासाठी झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. म्हणजे कायदा बाईंच्या बाजूने आहे, करार बाईंच्या बाजूने आहे, प्रकाशकही बाजूने होता. आडवा आला तो फॉन्ट. लेख छापून आल्यावर मराठवाड्यातल्या चार छोट्या प्रकाशकांनी मला फोन केला आणि यापुढे फाइल युनिकोडमध्येच करून घेऊ म्हणाले. दोघांनी शब्द पाळला. मला दुसरा पुरस्कार नको. पण विचारा स्वतःला, ही बातमी कोणत्या बीटवरून आली असती? शिक्षण? समाजकल्याण? ती पुस्तकं आणि तंत्रज्ञानाचीच होती, आणि ती मिळाली ती वार्ताहर लातूरला जाऊन बाईंच्या शेजारी बसली म्हणून.

माझ्या हातून झालेली चूकही इथेच सांगितली पाहिजे. २०१४-१५च्या सुमारास एका मोबाइल कंपनीने औरंगाबादच्या हॉटेलात पत्रकारांना बोलावलं, जेवण दिलं, कागद दिले. मी फोन अर्धा तास हाताळला आणि कंपनीच्या कागदातला मजकूर थोडा फिरवून माझ्या नावाने छापला. दोन महिन्यांनी मानवतकडच्या एका मुलाने पत्र पाठवलं. कापूस विकून आलेल्या पैशातून त्याने तो फोन घेतला होता, माझा लेख वाचून. गावात रेंज आली की फोन तापायचा आणि बॅटरी दुपारपर्यंत संपायची. त्याने शिवी दिली नव्हती. फक्त विचारलं होतं, की मॅडम, तुम्ही हा फोन किती दिवस वापरला? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी कंपनीचं जेवण घेतलं नाही, आणि स्वतः तीन आठवडे वापरल्याशिवाय, गंगाखेड किंवा धारूरसारख्या ठिकाणी नेऊन पाहिल्याशिवाय, एकाही वस्तूवर लिहिलं नाही. त्यासाठीचे फोन मी पगारातून घेतले आणि विकले. दर वेळी तोटा झाला. हा खर्च दैनिकाचा आहे, वार्ताहराचा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते.

पुस्तकांच्या बाजूला तर पैशाची गोष्टच निघत नाही. परीक्षणासाठी दोन प्रती येतात, त्यातली एक परीक्षकाला, आणि तेच त्याचं मानधन. उरलेली पुस्तकं 'साभार पोच' या मथळ्याखाली नाव, लेखक, किंमत एवढ्यावर संपतात. माझ्या टेबलाशेजारी अशा पुस्तकांचा ढीग कायम असायचा. त्यातली निम्मी आमच्याच आठ जिल्ह्यांतल्या लिहिणाऱ्यांची, शिक्षकांची, एसटीतल्या लोकांची, ऊसतोडीच्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलींची. स्वतःच्या पैशाने काढलेली. त्यांना पोच नको असते, कुणीतरी वाचलं एवढं कळायला हवं असतं.

आणि बढती? राजकीय बातमीदार ब्युरो चीफ होतो. गुन्हे पाहणारा शहर संपादक होतो. पुस्तकं पाहणारी बाई पुरवणीत बसते आणि निवृत्त होईपर्यंत पुरवणीतच बसते. विद्यापीठात पत्रकारितेच्या मुलांपुढे बोलायला गेले, की एखादी मुलगी हमखास थांबते आणि हळूच विचारते, "मॅडम, या बीटवर करिअर होतं का?" आजवर मी हो म्हणत आले. या वर्षी एका मुलीने विचारलं तेव्हा मला हो म्हणता आलं नाही. हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात होतं.

परभणीत बसून बातमीदारी करणारे आसाराम लोमटे २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन आले. ज्या भागात अनंत भालेरावांनी 'मराठवाडा' हे दैनिक चालवलं आणि अग्रलेख लोकांनी पारावर वाचले, त्या भागात वृत्तपत्र आणि साहित्य यांचं नातं आणखी कशाने सिद्ध करायचं राहिलं आहे? १९४३ मध्ये, निजामाच्या राज्यात, मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. २०२० ला उस्मानाबादला आणि २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय संमेलन भरलं. संमेलनाचे तीन दिवस तुम्ही आठ-आठ पानं देता. उरलेल्या वर्षाचं काय?

दुसरी गोष्ट मोडीची. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींतली जुनी दप्तरं उघडली. खासरा पत्रक, नमुना चौदा, कोतवाल बुक. काही उर्दूत, काही मोडीत. आरक्षणाची बातमी सगळ्यांनी केली, ती करायलाच हवी होती. मी एका अभिलेख कक्षात दोन दिवस बसले ते दुसऱ्या कारणासाठी. तिथे सत्तरी ओलांडलेले एक मोडी वाचक होते. भिंग पानापासून वीतभर वर, डाव्या हाताची करंगळी ओळीखाली. मला म्हणाले, "आधी ही वरची रेघ बघायची. लिहिणारानं पानभर रेघा ओढून घेतल्यात, मग अक्षरं खाली टांगलीत. बोरू उचलायचा नाही, म्हणून अक्षर वळतंय." बाजूला एक मुलगा तीच पानं स्कॅन करत होता, आणि प्रत्येक पान उलटताना कडेचा भुगा टेबलावर पडत होता.

स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत शोधता येत नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, म्हणजे ही दप्तरं अक्षररूपात उतरवायचा रस्ता तेव्हापासून खुला आहे. पण उतरवणार कोण? मोडी येणारे वाचक बोटांवर मोजावेत इतके, उर्दू दफ्तर वाचणारे त्याहून वयस्क. त्यांच्या शेजारी चार पोरं बसवली नाहीत, तर स्कॅन राहतील आणि वाचणारा जाईल. शेतजमीन, वंशावळ, गावांची जुनी नावं, सगळं त्या कागदांत आहे. मी लिहून दिलेल्या दीड हजार शब्दांची एका कोपऱ्यात चौकट झाली. सांगण्यात आलं, की आरक्षणाचा विषय राजकीय बीटचा आहे, तुम्ही नको. मी आरक्षणावर एक ओळही लिहिली नव्हती.

आता यंत्रांविषयी. नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीसारखी लिहून देणारी यंत्रं सगळ्यांच्या हातात आली. मी त्यांच्या विरोधात नाही, लातूरच्या बाईंसारख्यांना त्यांचा केवढा उपयोग होईल हे मला कळतं. पण पान बंद झाल्यावर उरलेली पुस्तकं 'उरकायची' म्हणून मलपृष्ठावरचा मजकूर यंत्रात घालून परीक्षण काढण्याची सवय काही ठिकाणी लागली आहे. हिंगोलीकडच्या एका कादंबरीकाराचा मला फोन आला. आवाज कापत होता. "ताई, माझ्या कादंबरीत बहीण मरत नाही हो. ती शेवटपर्यंत जिवंत आहे. तिच्यासाठीच तर लिहिलंय सगळं." यंत्राने तिला मारलं होतं, आणि ते छापणाऱ्या कुणीही पुस्तक उघडलं नव्हतं. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसडणाऱ्याला नाथ म्हणाले होते, की तू अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवलीस. त्या लेखकाची सहा वर्षांची मेहनत होती ती.

याच यंत्रांपुढे लातूर-धाराशिवकडचा माणूस "काय करलालास?" म्हणाला, की ती गोंधळतात. बोलून टाइप करायची सोय मराठीला २०१७ पासून आहे, पण ती पुस्तकी मराठीची. परभणीचं "कामून", लातूरचं "येलालोय" तिला नीट कळत नाही. का कळावं? यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकतात, आणि आमची बोली लिहिली गेली ती कथा-कवितांत, जी पाचशे प्रतींत छापून ग्रंथालयांच्या कपाटात आहे, आणि तुमच्या जुन्या अंकांत, जे त्याच जुन्या फॉन्टमध्ये गाडलेले आहेत. तुमच्या मराठवाडा आवृत्त्यांचे वीस-पंचवीस वर्षांचे अंक कुठल्या शोधात सापडतात? साधा 'ॲप' शब्द घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी कुणी 'अ'वर चंद्र चढवायचं, कुणी 'ऍ' वापरायचं. आजही तुमच्याच दैनिकात तो तीन तऱ्हांनी टंकला जातो, आणि एका तऱ्हेने शोधला तर दुसरा सापडत नाही. हे डेस्कवर कुणी तरी सांगायला हवं. ते सांगणारं माणूस तुम्ही घरी पाठवलंत.

माझं मागणं मोठं नाही. पान परत द्या असं मी म्हणत नाही. प्रत्येक मराठवाडा आवृत्तीत एक माणूस ठेवा, ज्याचं हेच काम असेल, आणि त्याची बातमी जिथे बसते तिथे लावा, अगदी जिल्हा पानावरही चालेल. त्याला प्रवासाचे पैसे द्या. वस्तू गुलमंडीवरच्या किंवा गंजगोलाईतल्या दुकानातून दैनिकाने विकत घ्यावी, कंपनीकडून नको. परीक्षण लिहिणाऱ्याला पैसे द्या, थोडे द्या पण द्या, आणि पुस्तक वाचलं आहे असं त्याच्याकडून लिहून घ्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सगळ्यात खालच्या 'ड' वर्गात अडकून पडलेली गावोगावची वाचनालयं आहेत. या वार्ताहराने महिन्यातून एकदा तिथे बसावं, कोण येतं, काय मागतं, स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकं सोडून फोनवरच्या पीडीएफकडे का वळली, ते पाहावं. आणि जुने अंक युनिकोडमध्ये आणायला सुरुवात करा. एका वर्षाचे आणा. मी फुकट तपासून देईन.

सध्या माझ्याकडे तीन बातम्या तयार आहेत. मोडी दप्तराची पूर्ण टिपणं, दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणासह. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये आलं तेव्हापासून त्यातले शब्द शेतकरी कसे वाचतात, काय चुकीचं समजतात, याच्या अकरा गावांतल्या नोंदी. आणि लातूरच्या बाईंच्या भाच्याची गोष्ट. तो आता पुस्तकांच्या जुन्या फाइल बदलून द्यायचं काम करतो, एका खोलीत, दोन मुली हाताशी घेऊन. तुमच्यापैकी जो पहिला फोन करील त्याला मी तिन्ही देईन. मोबदल्यात मला त्या विद्यापीठातल्या मुलीला एक फोन करता यावा, एवढंच हवं आहे. ती पुढच्या मे महिन्यात पास होते.

कळावे,
आपली,
मराठवाड्यातली एक वार्ताहर
अंबाजोगाई